दहा रुपयांचं लायसन्स : मुंबई नभोवाणी केंद्राची पहिली वीस वर्षं

हे लिहायला बसलो तेव्हा समोर टेबलावर वडिलांच्या रेडिओचं लायसन्स काढून ठेवलं आहे. पोस्टातून मिळायचं तसलं तळहाताएवढं पुस्तक. आतल्या प्रत्येक पानावर त्या त्या वर्षाचा पंधरा रुपयांचा स्टॅम्प आणि त्यावर गिरगाव पोस्टाचा गोल शिक्का. काही शिक्के इतक्या जोरात मारले आहेत की मागच्या पानावरही त्यांची शाई उतरली आहे. आम्ही दुबईला आलो तेव्हा रेशनकार्ड, जन्मदाखले, एलआयसीची पॉलिसी यांच्या पिशवीत हेही आलं. इथे त्याचा काही उपयोग नव्हता. पण दरवर्षी रांगेत उभं राहून पैसे भरलेला कागद टाकून देणं वडिलांच्या स्वभावात नव्हतं.

२३ जुलै २०२७ रोजी मुंबई केंद्राला शंभर वर्षं होत आहेत. त्या निमित्ताने दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आपल्या मराठी मंडळींनी स्मरणिका काढायचं ठरवलं आणि इतिहासाचा लेख माझ्याकडे दिला. जुनं वाचताना एक गोष्ट मनात पक्की झाली. या केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉयनी केलं, नाव साहेबांनी दिलं, पण ते जगलं लायसन्सचे पैसे भरणाऱ्या माणसांमुळे. दोनदा ते बंद पडायला आलं होतं आणि दोन्ही वेळा प्रश्न एकच होता : ऐकणारे किती, आणि त्यांतले पैसे भरणारे किती?

सुरुवात केंद्राच्याही आधीपासून करायला हवी. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने पोस्ट आणि तार खात्याच्या मदतीने आपल्या मुंबईच्या कचेरीतून संगीताचा एक खास कार्यक्रम बिनतारी यंत्रावरून पाठवला. तशी इच्छा गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांची होती, आणि त्यांनी तो पुण्यात बसून ऐकला. मुंबईचं गाणं बोरघाट चढून पुण्यात पोचलं, तेही तारेवाचून. त्या काळच्या माणसाला हे काय वाटलं असेल याचा अंदाज आज घरात बसून मोबाइलवर विविध भारती लावणाऱ्याला येणं कठीण आहे.

मग हौशी लोक पुढे आले. जून १९२३ मध्ये रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेने प्रक्षेपण केलं; हौशी क्लबांतलं देशातलं ते पहिलं. नोव्हेंबरात कलकत्त्याचा क्लब सुरू झाला, पुढच्या वर्षी मद्रासचा. ही सगळी मंडळी पदरमोड करून, यंत्रं जुळवून, आठवड्यातून थोडा वेळ गाणी आणि भाषणं ऐकवायची. मद्रासच्या क्लबला १९२७ मध्ये पैशांअभावी काम थांबवावं लागलं. हौसेच्या बळावर प्रक्षेपण सुरू करता येतं, रोजच्या रोज चालवता येत नाही, हे तेव्हाच दिसून आलं होतं.

रोजच्या रोज चालवण्यासाठी आली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी. १३ सप्टेंबर १९२६ रोजी सरकारने तिच्याशी करार केला आणि मुंबई व कलकत्ता इथे केंद्रं काढण्याची परवानगी दिली. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झालं, कलकत्त्याचं २६ ऑगस्टला. मुंबईचा स्टुडिओ अपोलो बंदरावरच्या रेडिओ हाऊसमध्ये होता आणि ट्रान्समीटर वरळीला. केंद्राचं पाक्षिक, इंडियन रेडिओ टाइम्स, उद्घाटनाच्या आठवडाभर आधीच निघालं होतं. किती वाजता काय लागणार हे आधी कळल्याशिवाय कोण सेट लावून बसणार?

ट्रान्समीटर दीड किलोवॅटचा. त्याचा आवाज भरवशाने पोचायचा तो तीस मैलांपर्यंत, म्हणजे जेमतेम अठ्ठेचाळीस किलोमीटर. ठाणं त्यात येई, पनवेल येई, कल्याण काठावर. पुणं बाहेर, नाशिक बाहेर, सातारा-कोल्हापूरचं तर नावच नको. त्यामुळे ‘मुंबई केंद्र’ हे पहिली काही वर्षं खरोखरच मुंबईपुरतं होतं.

ऐकायचं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. स्वस्तातला सेट म्हणजे क्रिस्टलचा. त्यात ना बॅटरी, ना वीज. गॅलिना नावाचा शिशाच्या खनिजाचा चकचकीत खडा, त्यावर टेकवायची बारीक तार, तांब्याच्या तारेचं वेटोळं, छपरावर ताणलेली लांब एरियल आणि नळाच्या पाइपला बांधलेली अर्थिंगची तार. खड्यावर तारेचं टोक हळूहळू फिरवत बसायचं. एखाद्या जागी ते नेमकं टेकलं की कानाच्या हेडफोनमध्ये गाणं उमटायचं. कोणी टेबलाला धक्का दिला की गाणं गेलं, पुन्हा शोधा. हेडफोन एकाच्याच कानाला लागायचा, म्हणून घरातल्या बाकीच्यांनी पाळी येईपर्यंत थांबायचं. त्या सेटला लागणारी सगळी ताकद वरळीच्या मनोऱ्यावरून हवेतून येत होती. घरातला कुठलाही पुरवठा न घेता केवळ आलेल्या लहरींच्या जोरावर बोलणारं ते यंत्र होतं, आणि मला अजूनही त्याचं नवल वाटतं.

दूरचं ऐकायचं किंवा घरातल्या सगळ्यांनी मिळून ऐकायचं तर व्हॉल्व्हचा सेट घ्यावा लागे. तो परदेशातून यायचा, महाग पडायचा, आणि त्याच्या बॅटऱ्या वरचेवर चार्ज करून आणाव्या लागायच्या.

सेट कोणताही असो, वर्षाला दहा रुपयांचं लायसन्स सक्तीचं. त्यातले आठ रुपये कंपनीला आणि दोन सरकारला. याशिवाय बिनतारी सामान आणणाऱ्या व्यापाऱ्यांकडून मालाच्या किमतीवर दहा टक्के वर्गणी. कंपनीचं उत्पन्न म्हणजे एवढंच. भांडवल पंधरा लाखांचं ठरलं होतं, उभे राहिले सहा लाख, आणि त्यातले साडेचार लाख दोन केंद्रं उभारण्यातच गेले. उरलेल्या दीड लाखावर दोन शहरांत रोज गाणं-बजावणं, पगार, वीज, भाडी चालवायची. सुरुवातीला महिन्याचा खर्च तेहतीस हजार होता, तो कापत कापत चोवीस हजारांवर आणला. १९२७ अखेर देशभरात लायसन्सं होती ३,५९४. १९२९ अखेर ७,७७५. या आकड्याला आठाने गुणलं की वर्षाला बासष्ट हजार होतात, म्हणजे कापलेल्या खर्चाचे जेमतेम अडीच महिने त्यातून निघत होते.

चोरून ऐकणारेही होते. क्रिस्टलचा सेट घरी बनवता येत होता आणि एरियल कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी दिसायची. पण सगळा दोष त्यांच्यावर टाकणं मला बरोबर वाटत नाही. कंपनीने वेळेचा मोठा भाग युरोपीय संगीताला आणि इंग्रजी कार्यक्रमांना दिला, कारण सेट परवडणारे बरेचसे त्या वर्गातले होते. उरलेल्या वेळात मराठी, गुजराती आणि हिंदुस्थानी यांनी वाटा घ्यायचा. गिरगावातला कारकून किंवा परळचा गिरणीकामगार दहा रुपये कशासाठी भरणार होता? त्याच्या घरचं, त्याच्या भाषेतलं काही हवेत पुरेसं नव्हतंच.

१ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली. तीन वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती.

केंद्र मात्र बंद पडलं नाही. व्यापाऱ्यांकडे सेट पडून होते, लोकांनी पैसे घालून यंत्रं घेतली होती, त्यांचा दबाव सरकारवर आला आणि १ एप्रिल १९३० पासून सरकारने दोन्ही केंद्रं ताब्यात घेतली. उद्योग आणि मजूर खात्याखाली इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस सुरू झाली. देशाची नभोवाणी म्हणून मुंबईची गणती करायची तर ती इथपासून.

पण वेळ वाईट होती. जगभर मंदी, सरकारी खजिन्यात खडखडाट, सगळ्या खात्यांत कपात. १० ऑक्टोबर १९३१ रोजी सरकारने दोन्ही केंद्रं बंद करायचा निर्णय जाहीर केला. त्यानंतरच्या सहा आठवड्यांविषयी आपल्याकडे फारसं लिहिलं जात नाही, आणि माझ्या मते केंद्राच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे दिवस तेच आहेत. ओरड झाली, बंगालमध्ये विशेष. सेट विकणारे आणि सेट ऐकणारे दोघेही उठले. सात-आठ हजार लायसन्सवाले म्हणजे तीस-पस्तीस कोटींच्या देशात मूठभरच, पण त्यांच्या हातात पावत्या होत्या. आम्ही वर्षाचे पैसे भरले आहेत, आमचं केंद्र तुम्ही कसं बंद करता, असं विचारायची सोय त्या पावतीने केली होती. २३ नोव्हेंबरला सरकारने निर्णय फिरवला. त्याची किंमतही लगेच वसूल केली : परदेशी सेटवरची जकात पंचवीस टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर नेली. ५ मे १९३२ रोजी प्रक्षेपण सरकारी खात्यामार्फत चालू राहणार हे पक्कं झालं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात बीबीसीची एम्पायर सर्व्हिस सुरू झाली आणि चित्र पालटलं. इंग्लंडचा आवाज ऐकण्यासाठी हिंदुस्थानातल्या गोऱ्या लोकांनी भराभर सेट घेतले. मग १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा आला. १ जानेवारी १९३४ पासून लायसन्सशिवाय सेट नुसता जवळ बाळगणंही गुन्हा ठरलं. लायसन्सं १९३२ अखेरच्या ८,५५७ वरून दोन वर्षांत १६,१७९ झाली. वाढलेली जकात आणि वाढलेली लायसन्सं मिळून खातं पहिल्यांदाच स्वतःच्या पायावर उभं राहिलं. लोक लंडन ऐकायला सेट घेत होते आणि त्यांच्या दहा रुपयांवर मुंबई चालत होती.

ऑगस्ट १९३५ च्या अखेरीस बीबीसीतून लायनेल फील्डन आले, देशाचे पहिले कंट्रोलर ऑफ ब्रॉडकास्टिंग म्हणून. या माणसाविषयी माझ्या मनात आदर आहे. सरकारी कागदांच्या ढिगाशी ते पाच वर्षं भांडले आणि केंद्रांना माणसं, यंत्रं आणि थोडा मोकळा श्वास मिळवून दिला. नावाची गोष्ट त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ हे लांबलचक नाव त्यांना खटकत होतं. सरळ प्रस्ताव पाठवला तर फायलीत मरेल, म्हणून एका मेजवानीत त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यापुढे आपली अडचण मांडली आणि बोलता बोलता त्यांच्याच तोंडून हवं ते नाव निघेल असं केलं. ८ जून १९३६ पासून नाव झालं ऑल इंडिया रेडिओ. ‘आकाशवाणी’ हा शब्द तेव्हा म्हैसूरला होता. प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये तिथे काढलेल्या खाजगी केंद्राचं ते नाव. आपल्या मराठीत चालत होता ‘नभोवाणी’, आणि म्हणून या लेखाच्या मथळ्यातही मी तोच ठेवला आहे.

मराठी कार्यक्रमांनी बाळसं धरलं ते याच काळात. त्याला बाहेरचंही एक कारण होतं. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठी बोलपट सुरू झाले आणि नाटक मंडळ्या एकेक करून बसत गेल्या. रात्र रात्र नाट्यपदं ऐकणारा श्रोता घरी होता, गाणारे होते, पण रंगभूमी नव्हती. त्या गाण्याला नभोवाणीने जागा दिली. मात्र अट घालून. बैठकीत गवई दीड तास एक राग मांडायचा, इथे घड्याळाच्या काट्याकडे बघत पंधरा मिनिटांत किंवा अर्ध्या तासात. समोर दाद देणारं कोणी नाही, पडद्यांनी आवाज मारलेली खोली, आणि पुढ्यात एक मायक्रोफोन. कित्येक थोर गाणाऱ्यांना आधी ते रुचलं नाही. पण त्या शिस्तीतून गाण्याचा एक नवा बांधेसूदपणा आला असं मला वाटतं. भावगीत घरोघरी पोचायलाही हाच पंधरा मिनिटांचा साचा उपयोगी पडला. नाटकाचंही तसंच : डोळ्यांनी पाहायचं काही नाही, सगळं कानांनीच, म्हणून श्रुतिका हा वेगळा प्रकार लिहिला जाऊ लागला. पुढे दिनकर अमेंबल, म्हणजे आपले डी. अमेल, यांच्यासारखे संगीतकार केंद्राच्या नोकरीत राहून काम करत राहिले.

याच खात्याने एक निर्णय असा घेतला, की जो मराठी माणसाला लागला. १ मार्च १९४० पासून सगळ्या केंद्रांवर हार्मोनियमला बंदी झाली. दिल्ली केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळणारे जॉन फौल्ड्स यांनी या वाद्याविरुद्ध लिहिलं होतं. रवींद्रनाथांनाही पेटी नको होती आणि त्यांनी कलकत्ता केंद्राला तसं कळवलं होतं. आक्षेप खोटा नव्हता. पेटीचे स्वर ठरलेल्या जागी बांधलेले असतात, त्यांत मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. पण ज्या गाण्यावर महाराष्ट्र वाढला ते नाट्यसंगीत पेटीच्या आणि पायपेटीच्या साथीनेच घडलं होतं. गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकलेल्या माणसाला ते वाद्य बेसूर आहे हे कसं पटावं? बंदी तीस वर्षं टिकली आणि १९७१ मध्ये थोडी सैल झाली. इतक्या वर्षांत पेटीवाल्यांच्या एका पूर्ण पिढीला केंद्राचं दार बंद राहिलं. मुंबई केंद्राचा गौरव करताना हेही लिहून ठेवायला हवं.

आता आपल्या, म्हणजे समुद्राच्या या बाजूच्या लोकांच्या जिव्हाळ्याची तारीख : ४ फेब्रुवारी १९३८. त्या दिवशी मुंबईचा दहा किलोवॅटचा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर सुरू झाला. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत जातात आणि लवकर विरतात. लघुलहरी वर जातात, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून परततात आणि शेकडो मैल पलीकडे उतरतात. तीस मैलांचं केंद्र एका दिवसात सगळ्या महाराष्ट्राचं झालं. पुणं, नाशिक, कोल्हापूर आत आले आणि अरबी समुद्रही आला. इथल्या किनाऱ्यावर तेव्हा डिस्कव्हरी गार्डन्सच्या जागी वाळू होती. शारजाला मात्र १९३२ पासून इम्पीरियल एअरवेजची विमानं उतरत होती आणि तिथल्या गढीत उतारूंची रात्रीची सोय होती. व्यवहारात चलन होतं हिंदुस्थानचा रुपया.

माझी स्वतःची आठवण त्यानंतर खूप वर्षांची, पण मुंबईच्याच लहरींची. दुबईतल्या आमच्या पहिल्या घरात वडील रात्री जेवण झालं की ट्रान्झिस्टर घेऊन गच्चीवर जायचे. दिवसभर मुका असलेला मुंबईचा मध्यम लहरींचा पट्टा अंधार पडला की बोलायला लागायचा. रात्री त्याही लहरी वरून परततात. आवाज कधी जवळ येई, कधी दूर जाई, मधेच एखादं अरबी केंद्र वर चढे. वडील सेट हातात धरून गोल फिरत, नेमकी दिशा सापडली की तसेच उभे राहत. आई खालून विचारायची, ‘अहो, लागली का मुंबई?’

१९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पेटलं. बातम्यांची सगळी सूत्रं दिल्लीकडे गेली, खातं वाढलं आणि ऐकणारेही वाढले. त्या वर्षाअखेर लायसन्सं ९२ हजारांच्या वर गेली होती. लोकांना बातमी हवी होती आणि सरकारला लोकांच्या कानापर्यंत जायचं होतं. मग ऑगस्ट १९४२ आला. ‘चले जाव’नंतर नेते तुरुंगात, वर्तमानपत्रांवर बंधनं, आणि सरकारी नभोवाणीवर चळवळीचा शब्द नाही. लोक तिला ‘अँटी इंडिया रेडिओ’ म्हणू लागले. त्याच मुंबईत २७ ऑगस्टला उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू केला. चौपाटीच्या सी व्ह्यू इमारतीतून सुरू झालेलं ते केंद्र पोलिसांना चुकवत बिऱ्हाडं बदलत राहिलं आणि १२ नोव्हेंबरला महालक्ष्मीजवळ पकडलं गेलं. बावीस वर्षांच्या उषाबेन चार वर्षांच्या शिक्षेवर येरवड्याला गेल्या.

मुंबई केंद्राच्या इतिहासात मी हे मुद्दाम घेतो. एकाच शहराच्या हवेत तेव्हा दोन आवाज होते आणि ऐकणारी माणसं तीच होती, सेटही तेच. लायसन्स सरकारचं, कान आपले. सरकारी केंद्रातही सगळंच परकं नव्हतं. त्याच सुमाराला मजूर खात्याचे सदस्य झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई केंद्रावरून हिंदी कामगार आणि युद्ध या विषयावर बोलले. त्यात त्यांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांची बाजू मांडली. परळ-लालबागच्या कामगाराविषयी, त्याच्या बाजूने, इतक्या गंभीरपणे त्या मायक्रोफोनवर बोललं जाणं ही लहान गोष्ट नव्हती. १९२७ मध्ये त्याच कामगाराला ऐकवण्यासारखं केंद्रापाशी जवळजवळ काहीच नव्हतं.

१९४७ मध्ये फाळणीनंतर भारताच्या वाट्याला ऑल इंडिया रेडिओची सहा केंद्रं आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. त्यांत मराठी मुलखातलं एकटं मुंबई. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर आलं, २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणं, आणि मराठी नभोवाणीचा संसार तीन घरांत वाटला गेला. पुढचा इतिहास आपल्यापैकी बहुतेकांच्या कानातच आहे.

मुंबईचे सकाळचे सात म्हणजे आपले साडेपाच. गार्डन्सच्या गल्ल्यांत अजून दिवे असतात, तळमजल्यावरची खजुराची झाडं काळी दिसतात, आणि मी चहा टाकून मोबाइलवर मुंबई लावतो. आवाज स्वच्छ येतो, कुठेही दूर जात नाही. शेजारच्या मेडिटेरेनियन गल्लीतले एक काका म्हणतात, खरखर नाही तर मुंबई वाटतच नाही.

वडिलांच्या पुस्तकातली शेवटची काही पानं कोरी आहेत, लायसन्स बंद झालं तेव्हाची. स्मरणिकेच्या प्रकाशनाच्या दिवशी हे पुस्तक टेबलावर उघडं ठेवणार आहे. ज्यांच्या घरी असं पुस्तक, जुना सेट, निदान एखादा हेडफोन असेल, त्यांनी तो घेऊन यावा. क्रिस्टलचा खडा कोणाकडे निघाला तर फारच बरं, एरियल ताणायला गच्चीची परवानगी मी काढून ठेवली आहे.